स्पॉटिंग स्कोपच्या नादात १,७०८ डॉलर घालवले

आधीच सांगतो, मी येडा नाही. १७ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यातली ६ पेमेंट सिस्टीमवर. ऑफिसात नवीन पोरांना ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ असं शिकवणारा माणूस मीच. आणि ज्याचा आवाजसुद्धा मी कधी ऐकला नाही अशा माणसाने मला १,७०८ डॉलरची टोपी घातली. रुपयांत दीड लाखाच्या घरात जातं. घरी भारतात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

भुवया उंचावणाऱ्यांसाठी: हो, मी एल्कच्या शिकारीला जातो. कोलोरॅडोत राहतो, लायसन्स काढतो, हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय, सीझनमध्ये डोक्यापासून कमरेपर्यंत भगभगीत नारिंगी घालून फिरतो. भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे ते योग्यच आहे. इथला हिशेब वेगळा आहे, त्यावर वाद पुन्हा कधीतरी. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातलं, पण त्याहून दांडगं जनावर. मोठा नर ३०० किलोच्या पुढे जातो. एक मिळाला की फ्रीजर वर्षभर भरलेला.

आता स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर ठेवून एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, तोच का? कारण इथे शिकारीच्या बहुतेक युनिटांमध्ये (ठरवून दिलेल्या भागांत) नर पाडायचा तर त्याच्या एका शिंगाला किमान ४ टोकं हवीत, नाहीतर कपाळाजवळची फांदी निदान ५ इंचांची हवी. समोरच्या डोंगरावर मैलभर लांब उभं असलेलं जनावर १०x४२च्या (१० पट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिमी काचेच्या) हातातल्या दुर्बिणीतून सापडतं. ‘नर आहे’ इतकंही कळतं. टोकं मोजता येत नाहीत. चुकीचा पाडला तर दंड आणि आयुष्यभराची शरम.

मागच्या वर्षी शिकारीतल्या जोडीदाराचा स्कोप वापरला. गडी साठीचा, मूळ वायोमिंगचा, उंची सहा फूट दोन. त्याचा स्कोप सरळ डोळ्याचा, म्हणजे डोळा लावायचं भिंग नळीच्या सरळ रेषेत. तो बघून झाला की मी टाचा उंचावून बघायचो. वाकड्या डोळ्याचा (भिंग वरच्या बाजूला कललेलं) असता तर ट्रायपॉड माझ्या उंचीला लावला असता, तो वाकून बघता. शिवाय त्याचा ट्रायपॉड जुनाट आणि मधली दांडी पार वर काढलेली. ४० पटीला वारा सुटला की एल्क लेझीम खेळायला लागायचा. जनावर जितकं मोठं दिसतं, थरथर तितकीच मोठी दिसते.

म्हणून मी आधी तिकाटणं घेतलं. कार्बन फायबरचं, मधली दांडी नसलेलं, फ्लुइड हेडवालं (स्कोप धक्का न बसता सावकाश फिरवणारं डोकं), ४१२ डॉलरला, दुकानात जाऊन, हाताने हलवून बघून. पाय पसरून बुटकं लावायचं, जाड नळ्या आधी उघडायच्या, खाली हुकाला पाठपिशवी टांगायची आणि आपण जमिनीवर बसायचं. फोकस फिरवल्यावर हात काढून दोन श्वास थांबायचं. स्कोपवर हजारो घालून वीस डॉलरच्या काड्यांवर ठेवणारे खूप आहेत, तुम्ही ते करू नका. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून तर जास्त जळतं.

ऑगस्टमध्ये जाहिरात दिसली. ऑस्ट्रियन बनावटीचा, पुढची काच ८० मिमी, २०-६० पट, वाकडा डोळा, १,४५० डॉलर. नवा घ्यायला गेलं तर दुपटीच्या आसपास. गोष्टही तयार: सासरे वारले, त्यांचं सामान काढतोय, मी स्वतः शिकार करत नाही. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मलाही माहीत होतं. म्हणूनच मी विक्रेत्याला सांगितलं, कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहून तो स्कोपशेजारी ठेव आणि फोटो पाठव. चार तासांनी फोटो आला. चिठ्ठी, तारीख, नाव, सगळं. मी स्वतःच्या हुशारीवर खूश.

मग मी विचारलं, संध्याकाळी कसा दिसतो? उत्तर आलं, ‘अंधार पडतानाही ६० पटीला एकदम क्लिअर.’

इथे थांबायला हवं होतं. ८० मिमीच्या काचेला २०ने भागा, डोळ्यात ४ मिमीचा झोत येतो. ६०ने भागा, १.३ मिमी उरतो, म्हणजे चित्र अंधुक. दिवेलागणीला ६० पटीला कुठलाच स्कोप क्लिअर नसतो, दोन हजारांचा असो की चार हजारांचा. ज्याने एकदा तरी संध्याकाळी डोळा लावलाय तो असं बोलणार नाही. पण मी मनात म्हटलं, बिचारा शिकारी नाही, ऐकीव बोलतोय.

आणि मग ती रिंग. रात्री सव्वाअकरा, मी अंथरुणात, फोनवर तोच फोटो दोन बोटांनी ताणून बघतोय. डोळ्याच्या भिंगाभोवती झूमची रबरी रिंग, तिच्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत आकडे. २५-५०. जाहिरातीत २०-६०. मी परत ताणून बघितलं. २५-५०च. म्हणजे फोटोतली वस्तू आणि विकायची वस्तू एक नव्हती. शाळकरी पोरालाही कळलं असतं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, याला आपण काय विकतोय ते ठाऊकच नाही! २५-५० म्हणजे वाइड अँगल, तो महागाचा. गप्प बस, बोललास तर किंमत वाढवेल. आपण त्याला गंडवतोय या आनंदात मी झोपलो. ही ओळ लिहायला मला तीन आठवडे लागले.

चिठ्ठीचा कागद नंतर मोठ्या स्क्रीनवर बघितला. सावली स्कोपला डावीकडे पडलेली, कागदाला पडलेलीच नाही. चिठ्ठीच्या फोटोवर आता काडीचाही भरवसा ठेवू नका. व्हिडिओ कॉल करा आणि समोर रिंग फिरवून दाखवायला सांगा. माणूस काहीतरी कारण काढेल, तिथेच फोन ठेवा.

बायकोने दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘अरे, बोललास का तरी त्याच्याशी एकदा?’ मी म्हटलं, आजकाल कोण बोलतं फोनवर.

पैसे पेमेंट अ‍ॅपवर ‘मित्र आणि कुटुंब’ प्रकारात (ओळखीच्यांना पैसे द्यायची सोय, खरेदीला संरक्षण नाही) पाठव म्हणाला, नाहीतर फी कापली जाते. फी ४४ डॉलरच्या आसपास झाली असती. ती वाचवली. खात्यावरचं नाव वेगळं होतं, बायकोचं खातं म्हणे. १,४५० आणि पाठवणीचे ३८, एकूण १,४८८. दुसऱ्या दिवशी ट्रॅकिंग नंबर आला, खराखुरा, कुरियरच्या साइटवर चालणारा. तिथे पार्सलचं वजन लिहिलेलं: ०.३ पौंड. असा स्कोप भिंगासकट दीड किलोच्या वर भरतो. ०.३ पौंडात आमच्याकडे गोडा मसाल्याची पुडी येते. ते वजन मी वाचलं आणि ‘लेबल करताना चुकलं असेल’ म्हणून सोडून दिलं. त्याच संध्याकाळी मेसेज: महागडी वस्तू म्हणून विमा मागतायत, २२० डॉलर, डिलिव्हरी झाली की परत मिळतील. तेही भरले. १,४८८ गेलेत असं मान्य करण्यापेक्षा २२० देणं सोपं वाटलं.

शनिवारी ‘डिलिव्हर्ड’. ट्रॅकिंगवर माझंच गाव, माझाच पिन कोड, आणि म्हणे दारात सोडलं. माझ्या दारात काहीच नाही. युक्ती अशी: दुसऱ्याच कुणाच्या पेटीत रिकामं पाकीट टाकायचं, म्हणजे कागदोपत्री माल पोचला. विक्रेत्याचं खातं रविवारपर्यंत गायब.

आता पुढची करमणूक. कुरियरवाले म्हणतात, पार्सल पत्त्यावर पोचलं. कुठल्या पत्त्यावर? ते प्रायव्हसीमुळे सांगता येत नाही. अरे, पार्सल माझं म्हणता आणि पत्ता मलाच सांगत नाही! बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत, तुमच्याच फोनवरून, तुमच्याच अंगठ्याने. तक्रार ११ दिवसांत बंद. पेमेंट अ‍ॅपवाल्या बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, ‘मित्राला पाठवलेत ना सर?’ शेरीफच्या ऑफिसात गेलो तर डेप्युटी म्हणाला, विक्रेता दुसऱ्या राज्यातला, तिथे तक्रार करा. तिथे फोन केला तर, तुम्ही राहता तिथे करा. परत इकडे आलो. रिपोर्ट नंबर मिळवायला तीन खेटे घातले, आणि तो नंबर बँकेला दिल्यावर बँक म्हणाली, केस आधीच बंद झालीये. केंद्राच्या सायबर पोर्टलवर दीड तास बसून फॉर्म भरला, फोटो, चॅट, ट्रॅकिंग सगळं जोडलं. पोच आली. एका ओळीची, कुणाच्याही सहीविना. गावाकडे तलाठ्याच्या नावाने बोटं मोडायचो. तलाठी निदान समोर बसून ‘उद्या या’ तरी म्हणायचा.

तरीही तक्रार करा, पहिल्या दिवशीच करा. मी शरमेने चार दिवस गप्प बसलो. आणि पैसे क्रेडिट कार्डने द्या, ‘वस्तू आणि सेवा’मध्येच. फी लागू दे.

स्कोप घ्यायचाच असेल तर संध्याकाळी दुकानात जा आणि तो बाहेर पार्किंगमध्ये आणू द्या म्हणून त्यांच्या मागे लागा. दुपारी काचेच्या आतून सगळेच स्कोप चांगले दिसतात.

ऑक्टोबर अखेरीस सीझनला गेलो. तिकाटण्यावर स्कोप नाही म्हणून १०x४२ची दुर्बीणच अडॅप्टर लावून बसवली. ही गोष्ट मात्र आधीच करायला हवी होती. हातात धरून जे कधीच दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना, मैलाच्या आत, निष्पर्ण अस्पेनच्या झाडांच्या कडेला एक नर निघाला. जोडीदार त्याचा स्कोप घेऊन पलीकडच्या धारेवर. मी श्वास धरला, दुर्बीण दगडासारखी स्थिर. एक, दोन, तीन टोकं नक्की मोजली. चौथं टोक होतं की मागच्या झाडाची फांदी, ते कळायच्या आत तो रानात शिरला.