जुन्या गाडीचं चार्जिंग: डायनॅमो ठेवायचा की अल्टरनेटर बसवायचा?

दारात जुनी फियाट, अँबॅसिडर किंवा मॉरिस मायनर आहे आणि बॅटरी सारखी उतरतेय म्हटलं की दहातले नऊ जण एकच सांगतात, डायनॅमो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) काढ आणि अल्टरनेटर (त्याच कामाचं नवं यंत्र) टाक. हा सल्ला कधी कधी बरोबर असतो पण बऱ्याचदा घाईचा असतो, कारण डायनॅमो चांगलाच असतो आणि बिघाड वेगळीकडेच असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: गाडी सुट्टीच्या दिवशी सकाळी फिरणारी असेल तर डायनॅमो ठेवा, रात्रीचा हायवे आणि पावसाळ्यातले घाट करणार असाल तर खुशाल अल्टरनेटर बसवा. पण आधी तपासणी, मग निर्णय.

मल्टीमीटर घ्या, साधा चालेल. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे साधारण अर्धीच भरलीय. बॅटरी बाहेर फुल चार्ज करूनही दोन दिवसात बसत असेल तर बॅटरीच गेलीय किंवा गाडी बंद असताना कुठेतरी करंट खातेय, त्यात डायनॅमोला दोष देऊन उपयोग नाही. मग फॅनबेल्ट, मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा, त्याहून सैल असेल तर लोड आला की घसरतो. आणि अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं बॉडीशी असलेलं कनेक्शन, हे तर नक्की बघा, इंजिन चालू ठेवून मीटरची एक टोच डायनॅमोच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर लावा, ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थची पट्टी, थिंबल (वायरीच्या टोकाची कडी), बॉडीवरचा रंग खरवडून साफ करा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

एवढं करूनही चार्जिंग नसेल तर लुकास (ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या डायनॅमोची एक जुनी टेस्ट आहे आणि ती मला फार आवडते कारण ती डायनॅमो आणि कटआउट (चार्जिंग जोडणारा-तोडणारा स्विच, रेग्युलेटरच्याच डब्यात असतो) यांचा बिघाड वेगळा काढते. डायनॅमोवरच्या डी (जाड वायर) आणि एफ (बारीक वायर) दोन्ही वायरी काढा, ही दोन टर्मिनल एका छोट्या वायरने जोडा, तिथून बॉडीपर्यंत मीटर लावा आणि इंजिन चालू करून हळूहळू रेस द्या. व्होल्टेज भराभर वर जायला हवं, २० च्या पुढे जाऊ देऊ नका, लगेच रेस सोडा. काहीच दाखवलं नाही तर कार्बन (करंट बाहेर घेणारे ब्रश) झिजलेत किंवा अडकलेत, जेमतेम एखादा व्होल्ट आला तर फील्ड कॉइल (आतली स्थिर गुंडाळी) गेलीय, चार-पाच व्होल्टवर अडकलं तर आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) गेलंय. आणि व्यवस्थित वर गेलं तर डायनॅमो ठणठणीत आहे, बिघाड कटआउट-रेग्युलेटरच्या डब्यात किंवा मधल्या वायरींमध्ये आहे, डबा उघडून पॉइंट काजळलेत का ते बघा. (पॉइंट चिकटले असतील तर गाडी बंद केल्यावर बॅटरी उलट डायनॅमोत उतरते आणि तो गरम होतो, असं दिसलं तर आधी बॅटरीचं टर्मिनल काढा.)

आता खरी तुलना. डायनॅमोचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो दुरुस्त होतो. कार्बन, बुश, बेअरिंग बदलता येतं, कम्युटेटर (ज्यावर कार्बन घासतात तो तांब्याचा भाग) लेथवर साफ होतो, आर्मेचर पुन्हा गुंडाळून मिळतं, पुण्यात नाना पेठेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारत गेलं तर जुना वायंडिंगवाला सापडतो. पण असे कारागीर कमी होत चाललेत आणि हा विचार आपल्यासारख्यांनी करायलाच हवा, काम त्यांच्याकडे गेलं तरच ते टिकतील. दुसरं म्हणजे गाडीचं मूळ रूप, रॅलीत जजिंगला न्यायची असेल तर डायनॅमो जागेवरच हवा.

त्याची मर्यादा मात्र खरी आहे. लुकास सी४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपियर देतो, तेही इंजिनला चांगली रेस असताना. आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालू असताना) जवळजवळ काहीच नाही, म्हणून सिग्नलला थांबलं की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो आणि हेडलाइट मंद होतात, डायनॅमोच्या गाडीत हा बिघाड नव्हे, स्वभाव आहे. आता हिशोब करा: जुने ४५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेसात अँपियर, टेल-पार्किंग दोनेक, इग्निशन कॉइल तीन-चार, वायपर दोन-तीन, झाले पंधरा-सोळा, म्हणजे भागतं. पण एच४ चे (हॅलोजन) ६० वॅटचे बल्ब टाकले, वर रेडिओ, मोबाइल चार्जर आणि छोटा पंखा, की २२ ची हद्द आलीच, आणि घाटात ट्रॅफिक तुंबला की सगळा भार बॅटरीवर. टेल आणि पार्किंगला एलईडी टाकून थोडं वाचतं.

अल्टरनेटर इथे सरळ जिंकतो. लुकासचा १६एसीआर ३४ अँपियरचा, मारुतीसारख्या छोट्या गाडीचा ४५ च्या आसपास, आणि आयडलिंगलाही चार्जिंग मिळतं. क्रायसलरने १९६० च्या व्हॅलियंटमध्येच तो दिला होता, आपल्याकडे शेवटी शेवटी आलेल्या अँबॅसिडरमध्येही तोच होता, त्यामुळे बसवणं म्हणजे गाडीचा अपमान वगैरे मी मानत नाही. टेस्टही सोपी, इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट, बास. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरीचं पाणी उकळेल.

पण बिघडला तर रस्त्याकडेला फारसं काही करता येत नाही, बहुतेक वेळा अख्खा बदलतात. लाल दिव्याचा बल्ब उडाला तरी बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट मिळत नाही आणि ते चार्जिंग सुरूच करत नाहीत. आणि इंजिन चालू असताना बॅटरी काढून बघायची जी जुनी सवय आहे ती इथे अजिबात नको, आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि रेग्युलेटर दोन्ही जाऊ शकतात.

बसवायचाच ठरला तर आधी गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं) आहे का बघा, मॉरिस ऑक्सफर्ड, मायनर, जुन्या एमजी तशाच होत्या. साधा अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थवरच चालतो, उलटा जोडला तर डायोड तत्काळ जळतात. जुना रेग्युलेटर मधून बाद करावा लागतो, फील्डची बारीक वायर लाल दिव्यासाठी वापरता येते, पण बॅटरीपर्यंतची मुख्य वायर नवी आणि जाडच घ्या, सोबत फ्यूजही टाका, कारण जुनी वायर २२ अँपियरच्या हिशोबाची आहे. डॅशबोर्डवरचा ३० अँपियरचा अ‍ॅमीटर तर बायपासच करा, सगळा करंट त्यातून जातो आणि तो तापला की आग लागू शकते, त्याच्या जागी व्होल्टमीटर लावा. ब्रॅकेट वेल्डिंग न करता बोल्टवरच बनवून घ्या आणि काढलेला डायनॅमो, पुली, कटआउट नीट गुंडाळून ठेवा, गाडी विकताना घेणारा आधी तेच विचारतो.