घरच्या गॅरेजसाठी पहिलं वेल्डिंग मशीन: डब्यावरचे अँपियर आणि पाटीवरचे अँपियर

इंदूरच्या सियागंज बाजारात वेल्डिंग मशीन विचारायला गेलात की पहिला प्रश्न ठरलेला, "कितने एम्पियर की?" उत्तर तोंडातून निघायच्या आत '२००' लिहिलेला डबा काउंटरवर येतो. शेजारच्या डब्यावर २५०, त्याच्या पलीकडे ३००. तिन्ही यंत्रं दिसायला जवळपास सारखी, उचलायला सारखीच हलकी, आणि किमतीत हजार-दीड हजाराचा फरक. कूलरचा स्टँड, फाटकाची बिजागरी, कुंड्यांची मांडणी, गच्चीवरचा मांडव, एवढ्या कामांसाठी हे मोठे आकडे कुठेच लागत नाहीत. आणि घरच्या मीटरवर ते बहुतेक वेळा मिळतही नाहीत.

आमचा कौल आधीच सांगून टाकतो. पहिलं यंत्र सिंगल फेज, आयजीबीटी इन्व्हर्टर (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारं), साधं आर्क, म्हणजे रॉडने वेल्डिंग करणारं. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, खरोखर १२० ते १४० अँपियर देणारं. वाचलेले पैसे केबल, होल्डर, हेल्मेट आणि गॅरेजच्या वायरिंगवर घाला.

१२० ते १४०च का, ते रॉडवरून ठरतं. ६०१३ जातीचा २ मिमीचा रॉड ४० ते ६५ अँपियरवर चालतो, २.५ चा ६० ते ९० वर, ३.१५ चा ९० ते १३० वर. १६ गेजचा चौकोनी पाईप म्हणजे १.६ मिमीची भिंत. त्याला २ किंवा २.५ चा रॉड. ५-६ मिमीचा अँगल किंवा पट्टी असेल तर ३.१५. ४ मिमीच्या रॉडला १४० ते १८० अँपियर लागतात, आणि तो रॉड मागणारं जाड काम घरच्या गॅरेजात येत नाही. आलंच तर ते सांवेर रोडवरच्या फॅब्रिकेटरकडे न्यावं.

आता विजेचं गणित, कारण खरी गोम तिथेच आहे. आर्कचं व्होल्टेज म्हणजे २० अधिक अँपियरचा पंचविसावा भाग. ९० अँपियरला ते २३.६ व्होल्ट होतं, म्हणजे आर्कमध्ये सुमारे २.१ किलोवॅट. यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर (खेचलेल्या करंटपैकी कामी येणारा वाटा) ०.७ धरला तर २३० व्होल्टवर बोर्डातून साडेसोळा अँपियर खेचले जातात. म्हणजे २.५ चा रॉड पूर्ण जोरात चालवला की घरातलं १६ अँपियरचं सॉकेट काठावर येतं. १३० अँपियरला हाच हिशेब २५ वर जातो. आणि खरेखुरे २०० अँपियर हवे असतील तर ४३ अँपियर खेचावे लागतील! मग यंत्राला बारीक वायर आणि १६ अँपियरचा साधा प्लग लावून डब्यावर २०० छापलेलं असेल, तर दोन्हींपैकी काय खोटं आहे ते सांगायला नको.

म्हणून डबा बाजूला ठेवून यंत्राच्या मागची किंवा खालची पाटी वाचा. त्यावर यू-शून्य (आर्क पेटण्याआधी होल्डरवर असणारं व्होल्टेज), आय-टू (रॉडला मिळणारा करंट), एक्स, आय-वन-मॅक्स आणि आय-वन-इफेक्टिव्ह अशा खुणांपुढे आकडे असतात. आय-वन-मॅक्स म्हणजे यंत्र पूर्ण जोरात असताना बोर्डातून खेचणारा करंट. वरच्या गणिताशी तो जुळतो का ते दुकानातच मोबाइलवर करून बघता येतं. आय-वन-इफेक्टिव्ह हा सरासरी करंट, वायर आणि एमसीबी त्यावरून ठरवतात. एक्स म्हणजे ड्यूटी सायकल, तीही १० मिनिटांतली: २०० अँपियरला ३० टक्के लिहिलं असेल तर ३ मिनिटं काम आणि ७ मिनिटं विश्रांती. त्याच यंत्रातून ६० टक्क्यांना साधारण १४० आणि न थांबता साधारण ११० अँपियर मिळतील. हा हिशेब ४० अंश तापमानाला धरलेला असतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता इंदुरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश म्हणजे गारवा म्हणायचा, तेव्हा त्यातून अजून थोडं वजा करा. पाटीच नसेल किंवा पाटीवर फक्त '२०० ए' एवढंच असेल, तर ते यंत्र परत डब्यात घालायला सांगा.

दुकानदार ड्यूटी सायकलचा फार बाऊ करतात, तोही एका मर्यादेत ऐकावा. २.५ चा एक रॉड मिनिटभरात संपतो. मग स्लॅग (टाक्यावर जमलेलं कवच) पाडा, ब्रश मारा, नवा रॉड लावा, पुढचा तुकडा गुण्यात बसवा. शिकाऊ हात १० मिनिटांत ३ मिनिटंसुद्धा आर्क धरत नाही. ८०-९० अँपियरवर बरं इन्व्हर्टर तापून बंद पडत नाही. पडलंच तर पंखा चालू ठेवून दिवा विझेपर्यंत थांबा, यंत्र लगेच बंद करू नका.

डिजिटल डिस्प्लेवर भरवसा ठेवू नका. बऱ्याच स्वस्त यंत्रांत तो नॉबची जागा दाखवतो, रॉडमधून जाणारा करंट नाही. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे डीसी मोजणारा क्लॅम्पमीटर असेल तर वेल्डिंगच्या केबलवर लावून बघा. साधा क्लॅम्पमीटर फक्त एसी मोजतो, तो इथे कामाचा नाही.

सोयींपैकी अँटी-स्टिक हवंच; रॉड चिकटला की करंट पडतो आणि रॉड लाल होऊन वाकत नाही. हॉट स्टार्ट नवशिक्याला उपयोगी. यू-शून्य ६० व्होल्टच्या वर असेल तर पुढे कधी जास्त मजबूत जोडासाठीचा ७०१८ रॉडही पेटेल. ६०१३ ला त्याहून कमीतही चालतं. व्हीआरडी, म्हणजे काम थांबलं की होल्डरवरचं व्होल्टेज खाली आणणारी सोय, पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून काम करणाऱ्यासाठी चांगली. 'थ्री इन वन'चा, म्हणजे आर्क, टिग आणि मिग एकाच यंत्रात घेण्याचा मोह मात्र टाळा. टिगला आर्गॉनचं सिलिंडर, रेग्युलेटर आणि वेगळा टॉर्च लागतो, आणि हे धरून किंमत दुप्पट होते. बिनगॅसचं मिग पातळ पत्र्याला हाताला सोपं जातं हे खरं. पण त्याची फ्लक्सवाली तार रॉडपेक्षा महाग, स्पॅटर (उडून चिकटणारे थेंब) जास्त, आणि तारेचा फीडर ही बिघडणारी एक वस्तू वाढते. गाड्यांचे पत्रेच करायचे असतील तर मिग घ्या, नाहीतर दुसऱ्या खेपेला.

जुन्या ट्रान्सफॉर्मर यंत्राचे भक्त इंदुरात कमी नाहीत. ते वीस वर्षं टिकतं, कोणीही दुरुस्त करतो, धुळीला दाद देत नाही. सगळं कबूल. पण ते दोन माणसांशिवाय हलत नाही, बरीच यंत्रं दोन फेज मागतात, आणि आर्क पेटताक्षणी घरातले दिवे मिचकावतात. घरासाठी नको.

गॅरेजची वायरिंग आधी, यंत्र मागून. मेन बोर्डापासून वेगळी ४ चौरस मिमी तांब्याची लाइन, २५ अँपियरचा सी-कर्व्ह एमसीबी आणि त्याच क्षमतेचं इंडस्ट्रियल सॉकेट. बी-कर्व्ह एमसीबी यंत्र चालू होतानाच पडू शकतो. अंतर जास्त असेल तर ६ चौरस मिमी. जुन्या घरांत तिसऱ्या पिनला अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो २-३ किलोवॅट असेल तर वेल्डिंग करताना एसी, गीझर आणि पंप बंद. एक्स्टेन्शन बोर्ड ही सगळ्यात कॉमन चूक. २० मीटर लांबीच्या १ चौरस मिमी वायरीत १६ अँपियरला साडेअकरा व्होल्ट वाटेतच जातात, २.५ मध्ये पावणेपाच. संध्याकाळी आधीच व्होल्टेज पडलेलं असताना तेवढ्यानेही आर्क तुटायला लागतो. शिवाय गुंडाळी न सोडता वापरलेली एक्स्टेन्शन आतून वितळते.

डब्यातली केबल हा स्वतंत्र विषय आहे. स्वस्त संचात दोन-अडीच मीटरची बारीक केबल येते आणि विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो, "असली कॉपर है." टोकाची एक तार चाकूने खरवडा. आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. २५ चौरस मिमीची तांब्याची केबल, होल्डरला ५ मीटर आणि अर्थला (कामाच्या लोखंडाला चिमट्याने लावतात ती) ३ मीटर, वेगळी घ्या. अर्थ क्लॅम्प पितळी आणि घट्ट स्प्रिंगचा. आर्क फडफडतो, रॉड कधी पेटतो कधी नाही, अशी तक्रार असेल तर यंत्राला दोष देण्याआधी क्लॅम्पला हात लावून बघा. तो गरम असेल तर खाली रंग किंवा गंज आहे. ग्राइंडरने रुपयाएवढी जागा पांढरी करून तिथे लावा. केबलचा कनेक्टर यंत्रात घालून पिळून घट्ट बसवायचा. सैल राहिला की सॉकेट जळतं, आणि ते बहुतेक वॉरंटीत धरत नाहीत.

रॉडच्या बाबतीत इंदूरकरांना फार लांब जायला नको. डी अँड एच सेशेरॉन ही रॉड बनवणारी मोठी कंपनी इथलीच, किला मैदानच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली. कंपनी कोणतीही घ्या, पाकिटावर ६०१३ हवं. सुरुवातीला २.५ चे दोन पाकीट आणि ३.१५ चं एक. पाकीट फोडलं की उरलेले रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. माळव्याच्या पावसात चार दिवस उघडे राहिले की आर्क फाटतो, तडतडतो आणि टाक्यात भोकं पडतात. ओले ६०१३ तासभर १०० ते ११० अंशांवर ठेवले की बरे होतात. ७०१८ ला ३०० ते ३५० अंश लागतात, म्हणून तो रॉड घरी ठेवायच्या भानगडीत पडू नका.

१६ गेजच्या पाईपला भोक पडतं म्हणून लोक यंत्र बदलतात. त्याआधी तीन गोष्टी करा: २ मिमीचा रॉड लावा, करंट ४५ ते ५५ वर आणा आणि होल्डर प्लसऐवजी मायनसला जोडा. मग सलग रेघ न ओढता टाक्याला टाका देत, प्रत्येक टाका काळा पडू देत पुढे जा. जोडातली फट रॉडच्या तारेपेक्षा कमी हवी. फ्रेम वाकडी होते ती एका कोपऱ्यापासून सलग भरत गेल्यामुळे. चारही कोपरे टाचून, टेपने दोन्ही कर्ण मोजून, मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने भरा. जीआय पाईपचा मुलामा जोडापासून इंचभर घासून काढा. जस्ताच्या धुराने रात्री थंडी-ताप भरतो, आणि शटर बंद ठेवून काम केलं तर हमखास.

हेल्मेट ऑटो-डार्क, ९ ते १३ शेडचं घ्या. घरच्या करंटला १० पुरतं. रस्त्यावरचे कारागीर लावतात तो काळा गॉगल अजिबात नको, त्यात चेहरा उघडा राहतो आणि काच किती शेडची ते कोणालाच माहीत नसतं. डोळ्यांना आर्कची झळ लागल्याचं लगेच कळत नाही; सहा-आठ तासांनी, नेमकं मध्यरात्री, वाळू गेल्यासारखं टोचतं. ओटल्यावर काम करत असाल तर शेजारची पोरं बघायला जमतात, म्हणून रस्त्याच्या बाजूला पडदा. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, चामड्याचे हातमोजे. स्कूटर आणि पेट्रोलचा डबा १० मीटर दूर. गाडीलाच टाका मारायचा असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा.

आयबेल, चेस्टन, रिलॉन, अडोर, ईसाब अशी नावं दुकानात मिळतील. यांतलं कोणतं, हा प्रश्न आम्ही पाटीनंतर दुसऱ्या नंबरावर ठेवू: बोर्ड गेला तर दुरुस्ती इंदुरात होते की यंत्र पार्सल करावं लागतं, ते विचारा आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. बोर्ड जातो तो बहुतेक एकाच कारणाने. ग्राइंडरची लोखंडी धूळ पंख्यातून आत ओढली जाते आणि सर्किटवर बसून शॉर्ट करते. यंत्र ग्राइंडरच्या ठिणग्यांच्या दिशेत ठेवू नका, दोन मीटर मागे आणि जमिनीपासून वर ठेवा. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, पण प्लग काढून पाच-दहा मिनिटं थांबल्यावर. आतले कपॅसिटर तोवर भरलेले असतात.