स्लाइड फिल्म कुठे धुवायला द्यावी? आठ महिने, तीन लॅब, सतरा रोल

गेल्या ऑगस्टपासून मार्चअखेरपर्यंत मी सतरा स्लाइड रोल धुवून घेतले, म्हणजे ज्या फिल्मवर निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगातलं चित्र येतं ते रोल. बहुतेक कोडॅकचे एक्टाक्रोम ई१००, बाकीचे फुजीचे प्रोव्हिया १००एफ आणि वेल्व्हिया ५०. तीन लॅब पाहिल्या, त्यांतली एक आता पक्की केली. लॅबची नावं मुद्दाम लिहीत नाही. पाटी तीच राहते पण केमिकल आणि ते सांभाळणारा माणूस बदलतो, त्यामुळे आज उत्तम असलेली लॅब दिवाळीनंतरही तशीच असेल याची खात्री नसते. त्यापेक्षा लॅब कशी पारखायची ते सांगतो, ते जास्त दिवस उपयोगी पडेल.

या नादाला लागलो ते बाबांच्या स्लाइड्समुळे. १९८०च्या दशकात ते ट्रेकला जायचे तेव्हा काढलेल्या. पुठ्ठ्याच्या माउंटमधली (चौकटीतली) राजगडाची बालेकिल्ल्यावरची संध्याकाळ अजून इतकी ताजी आहे की खिडकीसमोर धरली की वारा लागल्यासारखा वाटतो. एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद झाली तेव्हा आता हे संपलं असं वाटलं होतं. २०१८ मध्ये ती परत आली, आणि मी कॅमेरा शोधायला लागलो. कॅमेरा महिन्याभरात मिळाला. धड लॅब मिळायला मात्र पुढचे सहा महिने गेले.

स्लाइडला लॅब इतकी महत्त्वाची का, ते आधी सांगायला हवं. निगेटिव्ह थोडी इकडेतिकडे धुतली गेली तरी प्रिंट काढताना किंवा स्कॅनिंगमध्ये रंग सावरून घेता येतो. स्लाइडमध्ये टाकीतून जे बाहेर येतं तेच अखेरचं चित्र. स्लाइड धुण्याची, १९७६ पासून चालत आलेली ई-६ ही प्रक्रिया त्यामुळेच नाजूक आहे. पहिला डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) ३८ अंशांवर सहा मिनिटं, आणि तापमानात मुभा जेमतेम ०.३ अंशाची. या टप्प्यात जास्त वेळ किंवा जास्त उष्णता झाली तर स्लाइड फिकी पडते, कमी झाली तर काळवंडते. पुढे रिव्हर्सल, कलर डेव्हलपर, प्री-ब्लीच, ब्लीच, फिक्सर आणि शेवटचा रिन्स. यातला कुठलाही टप्पा कच्चा राहिला की तो थेट डोळ्यांना दिसतो.

पहिली लॅब घराजवळची आणि सगळ्यांत स्वस्त, रोलला साडेतीनशे. काउंटरवरच्या मुलाने "होतं सर, सगळं होतं" म्हणून रोल घेतला. चार दिवसांनी हातात आली ती निगेटिव्ह! साध्या कलर रोलसोबत माझी एक्टाक्रोम सी-४१ मध्ये, म्हणजे कलर निगेटिव्हच्या प्रक्रियेत, घातली होती. रोलच्या डबीवर ई-६ छापलेलं असतं, पण ते वाचलंच गेलं नव्हतं. यातून परत फिरता येत नाही. त्या रोलवर आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो होते. तेव्हापासून मी प्रत्येक डबीवर कागदी टेप लावून मार्करने मोठ्या अक्षरांत "स्लाइड, ई-६" लिहितो. तुम्हीही लिहा, लॅब कितीही ओळखीची असली तरी.

दुसऱ्या लॅबला रोल कुरिअरने पाठवायचे. रोलला सहाशे, फोनवर बोलणं अगदी नीट. पहिले तीन रोल सुरेख आले आणि मी निर्धास्त झालो. चौथा रोल कासच्या पठारावरचा होता. सप्टेंबरचा तिसरा आठवडा, धुकं, मधूनच ऊन, आणि तेरड्याचा गुलाबी गालिचा. रोल आला तो मातकट. लाइट टेबलवर (खालून उजेड देणाऱ्या काचेवर) ठेवला तर गुलाबीवर राखेचा थर बसल्यासारखा, सावल्या काळपट आणि गढूळ. लॅबला फोन केला. उत्तर आलं, "सर, तुमचं एक्सपोजरच कमी आहे."

मला ते पटत नव्हतं, कारण त्याच दिवशी त्याच मीटरने उजेड मोजून काढलेली निगेटिव्ह बरोबर आली होती. खरा सुगावा स्कॅनरने दिला. धूळ काढण्यासाठी माझ्या स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडची सोय आहे. ती चालू केली की प्रत्येक फ्रेमच्या गडद भागाचा चुथडा व्हायचा. स्लाइडमधले रंग इन्फ्रारेडला अडवत नाहीत, चांदी अडवते. म्हणजे फिल्ममध्ये चांदी उरली होती. कलर डेव्हलपरमधून निघालेली फिल्म चांदीने काळीकुट्ट असते. ब्लीच त्या चांदीचं रूप बदलतं, फिक्सर ती विरघळवून काढतो आणि मगच खाली दडलेलं चित्र दिसतं. ब्लीच दमलेलं असेल तर चांदी अर्धीमुर्धी मागे राहते.

तिसऱ्या लॅबशी माझा संबंध इथून आला. महाग म्हणून तिला आधी टाळली होती, रोलला नऊशे. फोनवरच्या ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी दोन फ्रेमचे फोटो मागवले आणि म्हणाल्या, "दादा, ब्लीच अपुरं झालंय. पट्ट्या पाठवून द्या, परत ब्लीच-फिक्स करून बघू. रंग आत असतील तर वर येतील." दहा दिवसांनी पाकीट आलं. तेरडा गुलाबी होता, धुक्याची कड पांढरी होती, आणि एका फ्रेममध्ये पाकळीवरचा पाण्याचा थेंबसुद्धा सुटा दिसत होता. ल्यूप (छोटं भिंग) डोळ्याला लावून मी कितीतरी वेळ तसाच बसलो. एवढं लक्षात ठेवा, मातकट स्लाइड आली तर फेकू नका. ब्लीचची चूक दुरुस्त होते. पहिल्या डेव्हलपरची होत नाही.

मग हळूहळू कळत गेलं की दर आणि भरवसा यांचा खरा संबंध रोलच्या संख्येशी आहे. ई-६चं केमिकल पडून राहिलं तरी हवेने खराब होतं. ज्या लॅबकडे महिन्याला चार रोल येतात आणि तरी ती "रोज धुतो" म्हणते, तिच्याकडे जपून. किटची जेवढी क्षमता आहे त्यापेक्षा दोन-चार रोल जास्त ओढले तरच सहाशेत परवडतं, आणि ते शेवटचे रोल तुमचे-माझे असतात. माझी आताची लॅब पंधरा दिवसांतून एकदाच ई-६ काढते, रोटरी प्रोसेसरवर (फिल्मचा डबा फिरवत धुणाऱ्या यंत्रावर), दर वेळी ताजं केमिकल घेऊन. वाट पाहावी लागते, पण बारा रोलांमध्ये मला कुठे रंगाचा कल, म्हणजे सगळ्या चित्रावर एकाच रंगाची झाक, सापडलेला नाही.

नव्या लॅबला फोन करताना मी आधी विचारतो की ई-६ कुठल्या वारी काढता. वार सांगता आला नाही तर तिथेच थांबतो. तीन बाथचं (तीनच रसायनांचं) किट आहे की पूर्ण सहा टप्पे, हेही विचारतो. तीन बाथ वाईटच असं नाही, ताजं असेल तर छान येतं, पण त्यात ब्लीच आणि फिक्सर एकत्र असतात आणि ते लवकर दमतात. मग एक साधा रोल पाठवतो, त्यात ग्रे कार्ड (रंग पारखायचा करडा पुठ्ठा), एखादा चेहरा आणि मोकळं आकाश. परत आल्यावर फोटोंच्या आधी दोन फ्रेममधली काळी पट्टी बघायची. ती गर्द काळी हवी. तपकिरी किंवा हिरवट झाक असेल तर गडबड लॅबकडे आहे, तुमच्या मीटरमध्ये नाही. फिल्मच्या लांबीभर सरळ ओरखडे असतील तर पुसताना कचरा लागलाय, पांढरे ठिपके वाळले असतील तर शेवटचं पाणी जड आहे.

कापण्याबद्दलही आधीच सांगून ठेवा. रात्रीची फ्रेम पहिली असेल तर कापणाऱ्याला कड दिसत नाही आणि कात्री फोटोतून जाते. मी पहिली फ्रेम नेहमी उजेडातल्या पांढऱ्या भिंतीची काढतो, आणि तरीही "कापू नका" असं लिहितो. माउंट घरी करतो.

नऊशे रुपये दर वेळी जड जातातच, मलाही जातात. रोलच अडीच हजारांच्या पुढे असताना तर फारच. त्यावर आम्ही सातारा-कोल्हापूरकडच्या पाच जणांनी एक उपाय काढला. सगळ्यांचे रोल एका डब्यात जमवायचे, आठ-दहा झाले की एकत्र पाठवायचे. कुरिअरचा खर्च वाटला जातो, आणि एकदम आठ रोल म्हटल्यावर लॅबने दरही आठशेवर आणला. तोवर डबा फ्रिजमध्ये, आत सिलिका जेल. डबा सोमवारीच निघतो. शुक्रवारी पाठवलेलं पार्सल शनिवार-रविवार गोदामात तापत पडतं, आणि काढलेला पण न धुतलेला रोल उन्हाळ्यात तसा ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

एप्रिलचा डबा आता भरत आलाय. त्यात माझे दोन वेल्व्हिया आहेत, पांगारा आणि पळस फुललेले असताना काढलेले.