हर्नियाचं ऑपरेशन खासगीत: ओपन की दुर्बीण, छोटं हॉस्पिटल की मोठं?

सर्जन उभं करून खोकायला लावतात, जांघेत बोट ठेवून बघतात आणि म्हणतात, "हर्निया आहे, ऑपरेशन करून टाका." म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतला भाग बाहेर डोकावतोय, त्याचीच ती गाठ. बाहेर काउंटरवर दोन आकडे मिळतात, एक ओपनचा आणि एक दुर्बिणीचा. घरी येऊन आपण त्या दोन आकड्यांची तुलना करत बसतो. पण निकाल आणि बिल खरोखर ज्यावर ठरतं त्या दोन गोष्टी त्या कागदावर नसतातच: हा सर्जन यातली कुठली पद्धत नेहमी करतो, आणि तुम्ही कुठल्या वर्गाची खोली घेणार आहात.

पुढचं बहुतेक सगळं पुरुषांना पहिल्यांदाच आणि एका बाजूला झालेल्या जांघेतल्या हर्नियाबद्दल आहे. बेंबीचा हर्निया किंवा जुन्या ऑपरेशनच्या जागी आलेला हर्निया, यांचं गणित वेगळं. स्त्रियांना जांघेत गाठ आली तर थांबू नये. ती फेमोरल हर्नियाची (जांघेच्या जरा खाली, मांडीच्या वरच्या टोकाला येणारा हर्निया) असू शकते आणि त्यात आतडं अडकण्याचा धोका बराच जास्त असतो. आणि गाठ कडक झाली, आत जात नाही, सतत दुखतेय, उलट्या सुरू झाल्या, तर तुलना वगैरे काही नाही. जवळात जवळच्या सर्जनकडे त्याच तासाला जायचं.

आत्ता की नंतर?

गाठ येते-जाते, त्रास जवळजवळ नाही, अशांसाठी हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत अशाच पुरुषांवर झालेला एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवलेल्यांमध्ये तातडीचा प्रसंग फार क्वचित आला, हजार माणसं वर्षभर पाहिली तर दोनहून कमी वेळा. म्हणजे "आजच करा, नाहीतर आतडं फुटेल" असं कोणी घाबरवत असेल तर आणखी एका सर्जनचं मत घ्या. मात्र याच लोकांवर पुढे दहा वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा जवळपास दोन तृतीयांश जणांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलेलं होतं, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून. तेव्हा थांबणं म्हणजे टाळणं नव्हे, वेळ आपल्या सोयीने निवडणं. मेडिक्लेमचा प्रतीक्षाकाळ (ज्यात कंपनी या आजाराचा खर्च देत नाही) संपायचा असेल, मुलीचं लग्न असेल, तर थांबता येतं. वय साठीच्या पुढे आणि शुगर-बीपी सोबतीला असेल, तर तब्येत धड असताना उरकलेलं बरं. पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

ओपन आणि दुर्बीण

ओपनमध्ये जांघेत साधारण दोन-तीन इंचांचा छेद घेतात, बाहेर आलेला भाग आत ढकलतात आणि कमजोर जागेवर पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची जाळी टाके घालून बसवतात. ही लिख्टेनश्टाइन पद्धत १९८९ च्या सुमारास अमेरिकेतून जगभर गेली. आपल्याकडे ती बहुधा कमरेतून भूल देऊन करतात. सरावाचा सर्जन असेल तर नुसती ती जागा बधिर करूनही होते, आणि हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी हा मोठाच फायदा आहे. कमरेतल्या भुलीचा एक उपद्रव कोणी आधी सांगत नाही: त्या रात्री लघवी अडकू शकते, विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्यांची, आणि मग नळी घालावी लागते.

दुर्बिणीत पोटावर तीन छोटी भोकं, आत गॅस भरून जागा तयार करायची आणि स्नायूंच्या मागच्या बाजूने मोठी जाळी पसरायची, साधारण १५ बाय १० सेंटिमीटरची. याला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते. दुखणं कमी, कामावर परतणं लवकर, जखम चिघळण्याची शक्यता कमी. सगळ्यात महत्त्वाचं, महिनोन्‌महिने जांघेत राहणारी वेदना दुर्बिणीत कमी आढळते. हर्निया ऑपरेशननंतर साधारण दहातल्या एकाला लक्षात येण्याजोगी अशी वेदना राहते, काळाबरोबर ती बहुतेकांची कमी होते. ऑपरेशन "किरकोळ" म्हणणारे हा आकडा सांगत नाहीत.

दुर्बिणीच्या पारड्यात हे सगळं घातल्यावर तीच घ्यावी असं वाटेल. अडचण एवढीच, की ही पद्धत हातात बसायला वेळ लागतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सर्जनचा हात बसायला ५० ते १०० ऑपरेशनं लागतात आणि सुरुवातीची तीस-पन्नास सगळ्यात जोखमीची असतात. हॉस्पिटल किती मोठं यापेक्षा सर्जन किती ऑपरेशनं करतो हे जास्त महत्त्वाचं, असंही त्याच सूचना सांगतात. म्हणून सर्जनला सरळ विचारा: "डॉक्टर, हर्निया तुम्ही जास्त करून कसा करता? दुर्बिणीतून वर्षाला साधारण किती होतात?" चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. ओपन सफाईने करणाऱ्या माणसाला "नाही, मला दुर्बिणीतूनच पाहिजे" म्हणून गळ घालणं हा माझ्या मते सगळ्यात वाईट सौदा.

दोन्ही बाजूंना हर्निया असेल, तर मात्र दुर्बीण सरळ वरचढ. त्याच तीन भोकांतून दोन्ही बाजू होतात. पूर्वी पोटाच्या खालच्या भागाचं किंवा प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन झालं असेल, तर ओपन. रोबोट मोठ्या शहरांत आलाय, जाहिरातही जोरात आहे. साध्या जांघेतल्या हर्नियात तो दुर्बिणीहून चांगला निकाल देतो असं सिद्ध झालेलं नाही, बिल मात्र नक्की वाढतं. सोडून द्या.

जाळीचं काय?

"आयुष्यभर प्लास्टिक आत नको" म्हणणारे पुष्कळ भेटतात. जाळीशिवायच्या पद्धती आहेत. त्यातली एक पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांच्या नावाने जगभर ओळखली जाते. त्यात शेजारच्याच स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरून मागची भिंत मजबूत करतात. ती हवी असेल तर ती नियमित करणाऱ्याकडेच जा. बाकीच्यांसाठी जाळीच, कारण जाळी घातल्यावर हर्निया पुन्हा येण्याची शक्यता कमी राहते.

जाळी कुठली, यावर मात्र फार पैसे ओतू नका. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं आणि २००३ मध्ये अनेक केंद्रांवरचे निष्कर्ष मांडले. पुढे युगांडात रीतसर तुलना झाली, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि वर्षभरानंतर मच्छरदाणीची जाळी व महागडी जाळी यांच्या निकालात लक्षणीय फरक सापडला नाही. तुमच्या हॉस्पिटलात कोणी मच्छरदाणी वापरणार नाही, पण "प्रीमियम मेश" म्हणून कोटेशन फुगलेलं दिसलं तर साध्या पॉलिप्रोपिलीनच्या जाळीचा दर विचारायला हरकत नाही.

कुठे करायचं?

तालुक्याच्या किंवा शहराच्या पेठेतलं सर्जनचं स्वतःचं पंधरा-वीस खाटांचं हॉस्पिटल. इथे ज्याला दाखवलं तोच ऑपरेशन करतो, तोच संध्याकाळी राउंडला येतो, आणि आकडा बहुधा सगळं धरून सांगितलेला असतो. ठणठणीत माणसाच्या साध्या हर्नियाला एवढं पुरे. उणीव एकच: रात्री हृदयाने दगा दिला तर आयसीयू तिथे नसतो. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासणार की थेट टेबलावर, हे विचारून घ्या.

कॉर्पोरेट हॉस्पिटल हवं ते अँजिओप्लास्टी झालेल्यांना, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांना, किडनी अधू असलेल्यांना. इतरांना तिथे मिळते ती सोय आणि काचेची लॉबी. पॅकेज म्हणतात त्यात काय नाही हे लेखी घ्या: जाळी आत की वेगळी, ऑपरेशनआधीच्या तपासण्या आत की वेगळ्या, एक रात्र जास्त राहावं लागलं तर काय. खोली दिवसाला ५,००० रुपयांच्या वर गेली की तिच्यावर ५ टक्के जीएसटी.

तिसरा पर्याय लोक विसरतात. बाहेरून पंचतारांकित दिसणारी पुष्कळ हॉस्पिटलं धर्मादाय न्यासाची असतात. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटायचं, तेही अ‍ॅडमिट व्हायच्या आधी. बिल हातात पडल्यावर ही दारं अवघड होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा काउंटर असेल तर आरोग्यमित्राला विचारा, की तुमचं ऑपरेशन या हॉस्पिटलात योजनेत बसतं का.

मेडिक्लेम असेल तर

बहुतेक पॉलिसींत हर्नियाला २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. आधी तेवढं पाहा, मग तारीख ठरवा.

दुसरं खोलीचं. समजा पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ४,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची घेतली. नुसते वरचे ४,००० खिशातून गेले असं होत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर मिळून ६०,००० झाले असतील, तर कंपनी त्याच प्रमाणात निम्मे, म्हणजे ३०,००० च धरते. औषधं, तपासण्या आणि जाळी यांना ही कात्री लागत नाही, आणि जिथे खोलीनुसार दर बदलत नाहीत तिथेही लागत नाही. छोट्या हॉस्पिटलचा हाही एक फायदा. एका रात्रीसाठी सिंगल रूमचा हट्ट कितीला पडतो, ते आधी हिशेब करून बघा.

कोणी काय घ्यावं

चाळिशी-पन्नाशीचा धडधाकट माणूस, एका बाजूचा हर्निया, घराजवळ विश्वासाचा सर्जन: त्याच्या हातची पद्धत, त्याच्याच हॉस्पिटलात, दोन खाटांच्या खोलीत (ट्विन शेअरिंग). अंगमेहनतीचं काम असेल किंवा दोन्ही बाजू असतील तर दुर्बीण, पण ती रोज करणाऱ्याकडे, मग त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागलं तरी चालेल. सत्तरी आणि हृदयविकार: आयसीयू असलेलं हॉस्पिटल, ओपन, जमल्यास जागा बधिर करून.

"तीन महिने बादली उचलायची नाही" हा सल्ला जाळीच्या आधीच्या काळातला आहे; आता दुखणार नाही इतपत काम लवकरच सुरू करा म्हणतात. तरी तुमचा सर्जन काय सांगतो ते ऐका, आत काय दिसलं ते त्याने पाहिलेलं असतं. दुचाकी मात्र झटकन ब्रेक मारताना जांघ दुखत नाही तोवर नको. जागेवर पाण्याची सूज येते आणि हर्निया परत आला असं वाटतं. बहुतेकदा ती आपोआप ओसरते, दाखवून खात्री करून घ्या.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोटची प्रत आणि जाळीच्या पाकिटावरचा स्टिकर मागून घ्या. क्लेमला तो लागतोच. शिवाय पुढेमागे हर्निया परत आला, तर ओपन झालेल्याला सहसा दुर्बिणीने आणि दुर्बीण झालेल्याला ओपनने करतात, आणि पहिल्यांदा नेमकं काय केलं होतं हे पुढचा सर्जन त्या नोटमध्येच शोधतो.