पिस्तुलाच्या दुरुस्तीत गेलेले २२,७०० रुपये आणि बदललेली मॅगझिन

ग्वाल्हेरमध्ये घरोघरी परवान्याची शस्त्रे आहेत. त्यामुळे दुरुस्तीच्या नावाखाली पैसे कसे उकळले जातात, हे येथील वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. तरीही लिहितो आहे, कारण माझ्याकडून घेतलेल्या २२,७०० रुपयांपैकी एका रुपयाचेही खरे काम झालेले नाही आणि वर माझी चांगली वस्तू गेली ती वेगळीच.

माझ्याकडे .३२ बोअरचे परवान्याचे पिस्तूल आहे. सरावाच्या रेंजवर काही गोळ्या झाडल्या की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, पुढे येताना मध्येच थांबत असे आणि काडतुसाचे टोक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या काडतुसाच्या जागेत, चढण्याऐवजी तिकडे नेणाऱ्या उताराला (फीड रॅम्पला) टेकून राहत असे. अशा वेळी पहिला संशय मॅगझिनवर, म्हणजे काडतुसे भरायच्या डबीवर, घ्यायचा असतो: काडतूस धरून ठेवणारे तिच्या तोंडाचे ओठ वाकलेले असतात, स्प्रिंग ढिली पडलेली असते, किंवा या काडतुसाच्या बुडाची किंचित बाहेर आलेली कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे अडकते. म्हणूनच दोन्ही मॅगझिनच्या तळपट्ट्यांवर मी सुईने १ आणि २ असे आकडे कोरले होते. अडचण प्रत्येक वेळी २ क्रमांकाच्या मॅगझिनमध्येच येई, १ क्रमांकाची निर्वेध चाले. एवढे निदान करून मी दुकानात गेलो होतो, त्यामुळे काही कळत नसताना गेलो असे मला कोणी म्हणू नये.

ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातील त्या दुकानात परवाना काचेच्या चौकटीत टांगलेला होता. मालकाने मॅगझिनकडे पाहिलेसुद्धा नाही आणि एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचे कवच बाहेर ओढणारा आकडा, खराब झाला आहे असे सांगितले. एक्स्ट्रॅक्टरचे ६,५००, स्लाइड पुढे ढकलणाऱ्या रिकॉइल स्प्रिंगचे ४,०००, रॅम्प पॉलिशचे ५,००० आणि मजुरी ३,००० असे १८,५०० रुपये झाले. पावतीवर फक्त ‘सर्व्हिसिंग’ लिहिले आणि यूपीआयचे पैसे भलत्याच नावाच्या खात्यात गेले. पावतीवर प्रत्येक सुट्या भागाचे नाव लिहून घ्या आणि काढलेला जुना भाग हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

पिस्तूल परत घेतानाचा तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. दोन्ही मॅगझिन काळ्याभोर, नुकते ब्लूइंग (पोलादावर काळसर थर चढवणे) केल्यासारख्या चमकत होत्या. मी एक उलटी करून पाहिली, तळपट्टीवर अंगठा फिरवला, तर ती गुळगुळीत होती. आकडा कोठे गेला, असे विचारताच “पॉलिश में निकल गया, साहब” असे उत्तर मिळाले. सुईने खोल कोरलेली रेघ ब्लूइंगने जात नाही, हे मला माहीत होते. पण काउंटरवर चार अनोळखी माणसे उभी असताना पिस्तूल उघडून वाद घालत बसणे कोणत्याही जबाबदार परवानाधारकाला शोभले नसते. त्याने हाताने स्लाइड ओढून डमी (दारू नसलेली) काडतुसे फिरवून दाखवली. हाताने ती फिरतातच. खरी परीक्षा रेंजवर गोळी सुटल्यावर होते.

रेंजवर आता दोन्ही मॅगझिन अडकू लागल्या. दुकानदाराने ‘मॅगझिन ट्यूनिंग’चे आणखी ४,२०० रुपये घेतले आणि दोष तसाच राहिला. शेवटी रेंजवरील एका अनुभवी सदस्यांनी पिस्तूल उघडले. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली जुना कार्बन दगडासारखा बसलेला होता, म्हणजे तो कधी काढलाच नव्हता. रॅम्पवर हँड ग्राइंडरचे आडवे चरे होते. रॅम्पवर चढाईच्या दिशेने अगदी हलका हात फिरवायचा असतो. एकदा खरवडून काढलेला धातू परत येत नाही. आणि दोन्ही मॅगझिन दुसऱ्याच कोणाच्या तरी, झिजलेल्या ओठांच्या होत्या.

ठाण्यात पहिला प्रश्न मलाच विचारण्यात आला: हत्यार दुकानात सोडलेच का? शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे व्यवसाय म्हणून शस्त्र दुरुस्त करण्यासाठी परवाना लागतो आणि त्या दुकानाकडे तो आहे, हे सांगितल्यावर, मॅगझिनवर नंबर होता का, अशी विचारणा झाली. निवडणुकीच्या वेळी याच ठाण्याने पिस्तूल जमा करून घेताना ‘दोन मॅगझिनसह’ अशी पावती दिली होती. ती दाखवली, तर आजही दोनच आहेत, मग गेले काय, असे मला ऐकवण्यात आले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज दिला, तर जास्त ताणल्यास परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी त्रास होईल, असा प्रेमळ सल्ला मिळाला. कलेक्टर कार्यालयातील शस्त्र शाखेने दुरुस्तीची भांडणे आमच्याकडे येत नाहीत म्हणून ठाण्याकडे बोट दाखवले. ठाणे म्हणते, तज्ज्ञाचा अहवाल आणा. पोलिसांचे आर्मोरर (शस्त्रांची देखभाल करणारे कर्मचारी) म्हणतात, गुन्हा नोंदल्याशिवाय खासगी शस्त्र तपासणार नाही. आणि अहवालाशिवाय गुन्हा नोंदत नाहीत. परवान्याचा कागद एक दिवस उशिरा नेला तर हीच यंत्रणा परवानाधारकाला आरोपीसारखी उभी करते. तोच नागवला गेला की मात्र कोणाचेच ते काम नसते. याची मला भयंकर चीड येते.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तपशीलवार बिल मागितले गेले. म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मॅगझिनचे आकड्यांसकट फोटो माझ्याकडे असते तर अर्धे काम झाले असते, तेव्हा तुम्ही शस्त्र दुकानात देण्याआधीच स्लाइड, बॅरल आणि तळपट्ट्या यांचे फोटो काढून ठेवा. दोष मॅगझिनमध्ये असेल तर दुरुस्तीला फक्त मॅगझिन द्या, पिस्तूल देऊ नका. मी रॅम्पवरील चऱ्यांचे फोटो, यूपीआयचा तपशील आणि ठाण्याची पावती अर्जाला जोडली आहे. सुनावणीची तारीख अजून मिळालेली नाही.