पिल्लू शिकवायचं कसं: खाऊ देऊन की दटावून?

दोन्ही पद्धतींनी कुत्रा शिकतो, हे आधीच मान्य करून टाकतो. दटावून काहीच साधत नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. जोरात 'नाही!' म्हटलं की चप्पल चावणारं पिल्लू त्या क्षणी थांबतं, आणि ते लगेच थांबणं इतकं सुखावणारं असतं की पुढच्या वेळी आपण आणखी जोरात ओरडतो. शिकतो कोण, असा प्रश्न पडावा.

बक्षीस आणि शिक्षा या दोन्हींना प्राणी कसे शिकतात याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी सुरुवातीला सारखंच वजन दिलं होतं. १९३०च्या दशकात मात्र त्यांनी शिक्षेचं वजन बरंच उतरवलं. पुढे १९६६ मध्ये अ‍ॅझ्रिन आणि होल्झ या मानसशास्त्रज्ञांनी शिक्षा कधी लागू पडते याचा आढावा घेतला. ती ताबडतोब हवी, दर वेळी हवी आणि पहिल्यापासूनच पुरेशी कडक हवी. हळूहळू वाढवत नेली तर प्राणी तिला सरावतो. प्रयोगशाळेत हे जमतं. घरात एकजण रागावतो, दुसरा हसतो आणि तिसरा घरीच नसतो.

माझा कौल मात्र शू-शीच्या एका कटकटीने ठरला. आमच्या घरात दोन्ही पद्धती वापरून झाल्या आहेत. घरात शू केली म्हणून दटावलेला कुत्रा 'घरात करू नये' हे शिकेल असं आपण धरून चालतो. आमचा शिकला ते 'माणसांसमोर करू नये'. मग सोफ्यामागे, पलंगाखाली डबकी सापडू लागली. त्याहून वैताग म्हणजे पट्टा लावून बाहेर नेलं तरी आम्ही शेजारी असेपर्यंत तो काही करायचा नाही. घरी परतलो की थेट सोफ्यामागे. त्याच्या हिशेबाने तो अगदी बरोबर वागत होता. नंतरच्या पिल्लाला बाहेर शू केल्या केल्या तिथेच खाऊ दिला. घरात केली तर न बोलता पुसून टाकलं. दोन कुत्र्यांवरून सिद्धांत मांडू नये हे खरं, पण फरशी कोरडी राहिली.

खाऊच्या पद्धतीचाही त्रास आहेच. खिसे तेलकट होतात, आणि काही दिवसांनी कुत्रा आपल्या तोंडाऐवजी हाताकडे बघून हुकूम पाळतो. त्यासाठी सवय पक्की झाल्यावर खाऊ कधी द्यायचा, कधी नाही, असं करावं. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसावर बसलेली सवय बक्षीस थांबल्यावरही जास्त तग धरते. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये अशा बक्षिसांच्या वेळापत्रकांवर, म्हणजे बक्षीस कधी द्यायचं आणि कधी नाही यावर, जाडजूड ग्रंथच लिहिला. हाच नियम उलटाही फिरतो. जेवताना हावरटपणे बघणाऱ्या कुत्र्याला महिन्यातून एकदा जरी तुकडा टाकला, तरी तो महिनाभर बघत राहील. तुकडा कायमचा बंद केला की आधी काही दिवस भुंकणं वाढतं. बहुतेक जण नेमके तेव्हाच नमतात आणि त्याला जास्त भुंकायला शिकवून बसतात.

तुमचं घर शांत असेल, सगळ्यांचा एकच नियम असेल आणि चूक नेमकी त्या सेकंदाला पकडता येत असेल, तर सौम्य दटावणीनेही काम भागेल कदाचित. पिल्लू पहिलंच असेल, तर मी खाऊपासूनच सुरुवात करा म्हणेन. विजेच्या वायरी चावण्यासारख्या जिवावरच्या खोडीत मात्र दोन्हींच्या भरवशावर राहू नका, वायरीच उचलून वर ठेवा.