आठ महिने इनस्क्रिप्ट वापरल्यानंतरचा अनुभव : मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच कीबोर्डवर

सीताबर्डीला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे इथे हिंदी काही पाहुणी भाषा नाही, एक गिऱ्हाईक मराठी अर्ज घेऊन येतं, त्याच्या मागचं हिंदी शपथपत्र आणि तिसऱ्याला बायोडाटा इंग्रजीत पाहिजे असतो.

आधी मी एक फोनेटिक टूल वापरत होतो, इंग्रजी अक्षरं दाबा आणि मराठी शब्द निवडा असं. चिठ्ठीचपाटीला ठीक आहे, पण नावं आली की घोळ. एका काकांच्या अर्जात बनसोडचं बंसोड झालं, माझ्याही लक्षात आलं नाही, आणि आधारवर वेगळं नाव आहे म्हणून ते बिचारे उन्हात परत आले. त्या दिवशी ठरवलं की जे अक्षर दाबीन तेच पडलं पाहिजे.

म्हणून इनस्क्रिप्ट, म्हणजे कोणतं अक्षर कोणत्या बटणावर हे ठरवून दिलेली कीबोर्डची मांडणी. हे १९९१ पासूनचं भारतीय मानक आहे, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के दाबलं की क, शिफ्टसोबत ख. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, शिफ्टसोबत इ. पहिले तीन आठवडे जीव गेला राजेहो, अर्ध्या स्पीडवर आलो, गिऱ्हाईक ताटकळत उभं. पण दीड महिन्यात बोटं बसली, आणि मोठा फायदा असा की हिंदीलाही अक्षरं त्याच जागी आहेत, फक्त लड़का लिहिताना ड नंतर नुक्ता (अक्षराखालचा टिंब) द्यायचा, तो पी च्या बाजूला चौकोनी कंसांच्या दुसऱ्या बटणावर. ळ शिफ्ट एन वर. म्हणजे शिकायचं एकदाच.

मला सगळ्यात आवडलं ते र चं काम. तर्री लिहायची तर एल, जे, डी, जे, आर, यात डी म्हणजे हलन्त. आणि पुऱ्या लिहायच्या तर तोच जे शिफ्टसोबत, मग डी, मग य. फोनेटिकमध्ये या पुऱ्याच्या जागी पुर्या पडायचं आणि मी तसंच सोडून द्यायचो, आता डोळ्याला खुपतं.

आता सेटिंग. विंडोजमध्ये मराठी आणि हिंदी जोडा, यादीत फोनेटिक असेल तर काढून टाका, कारण विंडोज आणि स्पेस दाबून फिरताना जितक्या जास्त भाषा तितकं चुकतं. त्याहून चांगलं म्हणजे ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंगमधून प्रत्येक भाषेला स्वतःचा शॉर्टकट द्या. मी आधी कंट्रोल शिफ्ट १ दिला होता, पण एक्सेलमध्ये तोच नंबर फॉरमॅटचा शॉर्टकट आहे, म्हणून डावा आल्ट शिफ्ट १, २, ३ केलं. आणि नुसत्या आल्ट शिफ्टने भाषा बदलायचं आहे ते बंद करा, नाहीतर मधेच भाषा उडते. प्रत्येक विंडोला वेगळी भाषा ठेवायचा पर्यायही तिथेच आहे, तो मी चालू ठेवला, वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी आपापल्या जागी राहतात.

घरी विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्स) आहे. तिथे भाषा टाइप करायला आयबस नावाचं साधन, त्यात बऱ्याच भाषांचे कीबोर्ड देणारं एम१७एन चं पॅकेज टाकलं की मराठी इनस्क्रिप्ट मिळतं, फक्त टाकल्यावर लॉगआउट करून परत या, मी संध्याकाळभर शोधत बसलो होतो की यादीत दिसत काहून नाही.

जुन्या फॉन्टमधल्या फायली मात्र याने सुटत नाहीत, त्या युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरं) नाहीतच, कन्व्हर्टरने बदलून ओळ न् ओळ तपासावी लागते.

मागच्या महिन्यात चौथ्या नंबरवर उर्दू जोडलं. मला वाचता येत नाही, म्हणून मोमिनपुऱ्यातले एक भाईजान शेजारी बसून सांगतात. वर्डमध्ये परिच्छेद उजवीकडून सुरू करायला कंट्रोल आणि उजवा शिफ्ट, हे मला त्यांनीच दाखवलं.